नम्रतेचा सहा आठवड्यांचा सराव: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या लेंट या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, किंवा लेंटच्या पहिल्या रविवारी ‘यंदा गर्व सोडायचा’ असा निश्चय करणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तो विरून गेल्याचे त्यांतले बरेच जण खासगीत कबूलही करतात. आधी चर्चच्या गायन मंडळात आणि नंतर पंच, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीचा सदस्य, म्हणून काम करताना मला असे दिसत आले आहे की निश्चय सहसा खरा असतो, चुकतो तो क्रम. माणूस जिभेपासून सुरुवात करतो. ‘मी तर नालायक दास’, ‘माझे काहीच नाही, सर्व प्रभूचे’ ही वाक्ये उच्चारायला सोपी असतात, ऐकणाऱ्यांना बरी वाटतात आणि बोलणाऱ्याचा मान वाढवून जातात, म्हणजे जे सोडायचे होते तेच पदरात पडते. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, 18 आणि 23 या दोन्ही वचनांत, अशा दिखाऊ लीनतेविषयी सावध केले आहे. जीभ सर्वांत शेवटी हाती घ्यायची, हे या लेखातील पहिले आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे पथ्य आहे.

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले सहा रविवार धरून, 46 दिवस होतात. पुढील सहा टप्पे त्या काळात नीट बसतात. हा सराव वर्षातून केव्हाही करता येईल, मात्र टप्प्यांची अदलाबदल करू नये आणि एखादा टप्पा अवघड वाटला म्हणून तो गाळून पुढच्यावर जाऊ नये. तिसरा टप्पा गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो.

सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

पहिली तयारी वहीची. खिशात मावेल अशी छोटी वही घ्यावी आणि ती दुसऱ्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. मोबाइलमध्ये नोंदी करू नयेत, कारण घरात मोबाइल सर्वांच्या हाती फिरतो आणि नोंद करायला उघडलेला मोबाइल दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो.

दुसरी तयारी वेळेची. रात्री झोपण्यापूर्वी 15 मिनिटे पुरतात. सकाळची वेळ या कामाला उपयोगी नाही, कारण सकाळी मनात दिवसाचे बेत असतात, घडलेल्या गोष्टी नसतात.

तिसरी तयारी एका माणसाची, आणि इथे घाई करू नये. ज्याच्यावर तुमची छाप पडलेली नाही, ज्याला तुमच्याकडून काही हवे नाही आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते, असा एक विश्वासू माणूस निवडावा. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडणे बरे. तुम्ही पंचकमिटीवर असाल आणि पाळकांच्या पगाराचा किंवा बदलीचा विषय तुमच्यासमोर येत असेल, तर आपल्याच पाळकांना निवडू नये, कारण ते तुम्हांला मोकळेपणाने बोलू शकणार नाहीत. कॅथोलिक वाचकांना पापनिवेदनाच्या संस्काराची सोय आहेच. तरीही दर आठवड्याला ‘पुढे काय झाले?’ असे विचारणारा एक मित्र असावा.

चौथी तयारी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. सराव सुरू करण्याआधी रोज योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, पहिली 17 वचने, सावकाश वाचावीत आणि तिसऱ्या वचनावर थांबावे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूला ठाऊक होते, असे योहान आधी सांगतो. येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला, हे त्यानंतर येते. ज्याला देवापाशी आपली जागा पक्की ठाऊक आहे तोच न डगमगता वाकू शकतो. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला वाकताना आपण नाहीसे होऊ अशी धास्ती वाटते आणि तो वाकण्याचे निव्वळ सोंग करतो. म्हणून आपण देवाचे प्रिय लेकरू आहोत आणि आपल्याजवळ जे आहे ते सर्व मिळालेले आहे (1 करिंथ 4:7), या दोन गोष्टी मनात स्थिर होईपर्यंत वहीला हात लावू नये. कोणाला याला दोन दिवस लागतात, कोणाला पंधरा.

सावधान: आपण हा सराव करत आहोत हे त्या एका माणसाखेरीज कोणालाही सांगू नये. उपवास करताना डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील सूचना इथे जशीच्या तशी लागू होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर नम्रतेची वचने चढू लागली, तर सराव बिघडला असे समजावे.

टप्पा 1: गर्वाचे घर शोधणे

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचे नाही, फक्त नोंदवायचे आहे. ‘माझ्यात गर्व आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यात पकडायला काही नाही. गर्व प्रत्येकाच्या ठायी एका ठरावीक घरात राहतो आणि ते घर माणसागणिक वेगळे असते. कोणाचे ते आवाजात असते, कोणाचे बायबलच्या माहितीत, कोणाचे दानाच्या रकमेत. कोणाचे घराण्यात असते: ‘आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती’, ‘या चर्चची जागा आमच्या आजोबांनी मिळवून दिली’. आपल्याकडे आणखी एक घर आहे आणि त्याचे नाव घ्यायला आपण कचरतो. बाप्तिस्म्यापूर्वीची जात उपासनेत कोणी काढत नाही, पण सोयरिकीची बोलणी सुरू झाली की ती हळूच बैठकीत येऊन बसते. मग एक घर असे आहे की जे गर्वाचे म्हणून ओळखूच येत नाही, ते म्हणजे दुखावलेपण. ‘मला कोणी विचारले नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येते, त्याने आपले घर तिथे शोधावे.

नोंद कशी करावी हे येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी 16 व्या शतकात सांगितलेल्या पद्धतीवरून घेता येते आणि ती आजही सर्वांत सोपी आहे. एकच दोष निवडायचा, दिवसाला एक ओळ आखायची (त्यांच्या मूळ पद्धतीत दोन असतात) आणि तो दोष जितक्या वेळा घडेल तितके ठिपके त्या ओळीवर द्यायचे. मग आजच्या ओळीची कालच्या ओळीशी आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची. पहिल्या आठवड्यात मात्र दोष अजून निवडलेला नसतो, म्हणून ठिपक्यांऐवजी रोज दोन-तीन ओळी लिहाव्यात. माझ्या जुन्या वहीतील एक ओळ अशी आहे: ‘रविवार. सोलो दुसऱ्याला दिला. दुसऱ्या कडव्यात त्याचा सूर उतरला, तेव्हा बरे वाटले.’ नोंद इतकीच हवी. प्रसंग आणि त्या क्षणी मनात काय हलले ते. स्पष्टीकरण लिहू नये. ‘कारण’ हा शब्द आला की पेन खाली ठेवावे.

पुढील प्रश्न हाताशी ठेवावेत. पत्रिकेत किंवा फ्लेक्सवर कोणाचे नाव माझ्या नावाच्या वर छापलेले पाहून मी थबकलो? कोणाच्या साक्षीच्या वेळी मी घड्याळाकडे पाहिले? आज मी कोणाचे वाक्य मध्येच तोडले, आणि त्याच्या जागी पाळक असते तर तोडले असते का? घरातील कोणाला मी आज ‘तुला काय कळते’ अशा अर्थाचे काही बोललो?

हमखास होणारी चूक: चौथ्या दिवसापासून वहीत दुसऱ्यांचे गर्व उतरू लागतात. मागे जाऊन वाचावे. ज्या ओळीचा कर्ता ‘मी’ नाही, ती खोडावी.

तपासणी: सात दिवसांनी एक घर इतरांहून जास्त वेळा आलेले दिसेल. पुढचे पाच आठवडे तेवढेच घ्यावे. सगळी घरे एकदम झाडायला निघालेला माणूस उंबरठ्यावरच दमतो.

टप्पा 2: देवासमोर नेमकी कबुली

लूकाच्या अठराव्या अध्यायातील परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोक पापी समजत असा कर वसूल करणारा) या दोघांच्या प्रार्थना शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. परूश्याच्या प्रार्थनेत आठवड्यातून दोन उपास आहेत, दशांश आहे आणि दूर उभा असलेला जकातदारही आहे. जकातदाराच्या प्रार्थनेत परूशी नाही. आपली प्रार्थना तपासण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही: तीत तुलनेसाठी दुसरा माणूस आला की ती थांबवून पुन्हा सुरू करावी.

कबुलीत प्रसंगाचे नाव घ्यावे. ‘प्रभू, मी गर्विष्ठ आहे’ असे म्हणायला काही पडत नाही, उलट ते जरा भारदस्तच वाटते. ‘प्रभू, गुरुवारच्या सभेत मी त्यांची सूचना ऐकून न घेता हसलो’ असे म्हणताना कान गरम होतात. मग तीच गोष्ट आठवड्याच्या शेवटी आपल्या निवडलेल्या माणसाला सांगावी (याकोब 5:16). त्याने उपदेश करू नये, असे त्याला आधीच सांगून ठेवावे; ऐकून घेणे आणि प्रार्थना करणे एवढेच त्याचे काम.

सावधान: कबुली झाली की उठावे. रात्र-रात्र स्वतःला दोष देत बसणे म्हणजे स्वतःकडेच पाहत बसणे होय. आधी आरशात रूप पाहत होतो, आता डाग पाहतो, आरसा तोच. आणि जर झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर हा सराव थांबवून आधी डॉक्टरांना भेटावे. तो गर्वाचा प्रश्न नाही.

टप्पा 3: ज्याला दुखावले त्याची क्षमा मागणे

सराव इथेच मोडतो, म्हणून इथे जास्त वेळ द्यावा. मत्तय 5:23-24 मधील क्रम स्पष्ट आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी नेमके उलटे घडते. भाकर आणि पेला घेऊन झाल्यावर, दारात हस्तांदोलन करताना, ‘काही चुकले असेल तर माफ करा’ असे एकमेकांना म्हणून आपण मोकळे होतो. ‘असेल तर’ या दोन शब्दांत क्षमा मागण्याचे सगळे काम परतवले जाते.

जाण्यापूर्वी वाक्य तयार करावे. उधळ्या पुत्राने बापाकडे निघण्याआधी आपले वाक्य मनाशी जुळवले होते (लूक 15:18-19), आणि त्या वाक्यात काय नाही ते पाहण्यासारखे आहे. त्या देशात दुष्काळ पडला होता, पण त्याने दुष्काळाचे नाव काढले नाही; पैसा संपताच पाठ फिरवणाऱ्यांचेही नाही. उलट उदाहरण शौल राजाचे. ‘मी पाप केले आहे’ असे तोही शमुवेलाला म्हणतो, पण त्याच दमात ‘तरी माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख’ अशी विनंती करतो (1 शमुवेल 15:30). आपण तयार केलेल्या वाक्यात ‘पण’, ‘तरी’, ‘त्या वेळी’, ‘माझा हेतू’ यांपैकी काही असेल, तर ते काढून पुन्हा लिहावे. उरते ते साधारण असे असते: ‘मी अमुक केले. ते चुकीचे होते. त्याने तुमचे अमुक नुकसान झाले. मला क्षमा करा. ते भरून काढायला मी काय करू?’

शेवटचा प्रश्न गाळू नये. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो असे म्हटले (लूक 19:8). नाव घालवले असेल तर ते जिथे घालवले तिथे परत द्यावे लागते, पैसे अडवले असतील तर ते द्यावे लागतात.

मग पुढील क्रमाने जावे:

1. त्या व्यक्तीला विचारावे की कुठे आणि केव्हा भेटणे तिला सोयीचे होईल. अचानक दारात उभे राहू नये.

2. एकट्यानेच जावे. सोबत पाळकांना किंवा मध्यस्थाला नेले की समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक उरत नाही. (स्त्री-पुरुषांच्या बाबतीत एकांत अवघड वाटत असेल, तर घरातील माणसे शेजारच्या खोलीत असावीत.)

3. वाक्य म्हणून झाल्यावर गप्प राहावे. समोरची व्यक्ती आणखी चार गोष्टी ऐकवील, त्यांतील दोन खऱ्या नसतील. त्या दोन खोडून काढायला ही भेट नाही.

4. ‘क्षमा केली’ असे लगेच वदवून घेऊ नये, आणि तिथेच प्रार्थना करण्याचा आग्रहही धरू नये. प्रार्थना हे भेट आवरती घेण्याचे साधन होऊ नये.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे. एका वार्षिक सभेत मी महिला संघाचे हिशेब ‘कच्चे’ आहेत असे सर्वांसमोर म्हणालो. हिशेब दोन पानांचा होता आणि मी दुसरे पान उलटलेच नव्हते. चूक कळली, तेव्हा पुढच्या रविवारी उपासनेतील सूचनांच्या वेळी माइक हाती घेऊन मी त्या बाईंची जाहीर क्षमा मागितली. दोघा-तिघांनी डोळे पुसले. नंतर चहाच्या टेबलापाशी ‘केवढे मोठे मन’ असेही कोणी म्हणाले. तिसऱ्या ओळीत बसलेल्या त्या बाई मात्र सगळा वेळ मांडीवरच्या गीतपुस्तकाचा कोपरा दुमडत आणि उलगडत होत्या. फाटकापाशी त्या मला एवढेच म्हणाल्या, “दादा, आधी मला विचारलं असतंत, तर घरी या म्हटलं असतं.” गेल्या सभेत मी त्यांचा अपमान केला होता आणि या उपासनेत त्याच अपमानावर स्वतःचा सत्कार करून घेतला होता. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, मग कपाटातून ती फाइल काढून दुसरे पान माझ्यापुढे ठेवले आणि मला ते शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायला लावले. त्यानंतर त्यांच्या संमतीने, ज्या सभेत मी तसे बोललो होतो त्याच सभेच्या पुढच्या बैठकीत, हिशेब बरोबर होता आणि माझे म्हणणे चूक होते, हे एका वाक्यात नोंदवून घेतले.

त्यावरून नियम असा की चारचौघांत केलेल्या चुकीची दुरुस्ती चारचौघांतच व्हावी, पण आधी खासगीत भेटून, त्या व्यक्तीच्या संमतीने, आणि शक्य तितक्या कमी शब्दांत. रडू आले तर ते घरी रडावे.

तपासणी: भेटीनंतर तुम्हांला हलके वाटले का, हे विचारू नये. समोरच्या व्यक्तीचे ओझे उतरले का, हे विचारावे. दोन्हींत फरक असतो.

नम्रता कोठे लागू करू नये

या ठिकाणी थोडे थांबून एक गैरसमज दूर करणे भाग आहे. नवऱ्याची मारहाण, कामावरचा छळ, मंडळीच्या पैशाची अफरातफर किंवा मुलांवर झालेला अत्याचार यांपुढे गप्प बसण्याला बायबलमध्ये नम्रता म्हटलेले नाही, आणि पीडित व्यक्तीला ‘नम्र हो, क्षमा कर’ असे सांगणाऱ्याने आपला हा सराव पहिल्या पानापासून पुन्हा करावा. ख्रिस्ताच्या लीनतेविषयीचा तो सुप्रसिद्ध उतारा पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिला. त्याच फिलिप्पै शहरात, चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकल्यानंतर अधिकारी जेव्हा त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा ‘आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे’ असे त्याने ठणकावून सांगितले होते (प्रेषितांची कृत्ये 16:37). पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलती 2:11). स्वतःचा मान सोडणे आपल्या हाती आहे. दुसऱ्याचा न्याय सोडून देणे आपल्या हाती नाही.

तुमच्यावर अन्याय होत असेल, तर तिसरा टप्पा अन्याय करणाऱ्याच्या बाबतीत करू नका. आधी सुरक्षित व्हा आणि मदत मिळवा.

टप्पा 4: कोणाला न कळणारे काम

चौथ्या आठवड्यात हात कामाला लावायचे. काम निवडताना तीन अटी पाहाव्यात: ते तुमच्या पदाला ‘शोभणारे’ नसावे, ते कोणाच्या नजरेत येणारे नसावे आणि त्याने कोणाची रोजी जाणारी नसावी. चर्च झाडण्यासाठी ज्याला महिना पगार मिळतो, त्याच्या हातून झाडू काढून घेणे ही सेवा नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनासाठी अंगठ्याएवढे काचेचे पेले वापरतात. उपासना संपली की ते शे-सव्वाशे पेले मागच्या मोरीत येतात. प्रत्येकाच्या तळाशी द्राक्षरसाचा चिकट थेंब वाळलेला असतो, बोट आत जात नाही, म्हणून काडीला कापूस गुंडाळून एकेक साफ करावा लागतो. मग गरम पाणी, मग पंच्यावर पालथे घालणे. बाहेर त्या वेळी गप्पा रंगलेल्या असतात आणि पंचकमिटीचे निम्मे निर्णय त्या गप्पांतच ठरतात. मोरीत उभ्या असलेल्या माणसाला ते निर्णय कळत नाहीत. या कामाची खरी किंमत ती आहे, पाण्याने सुरकुतलेली बोटे ही नव्हे. आपण नसतानाही सगळे ठरते, हे सलग तीन रविवार सोसून पाहावे.

तेच घरीही करावे. चर्चमध्ये खुर्च्या उचलणारे आणि घरी आल्यावर पाण्याचा पेलाही जागेवर मागणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि काही काळ त्यांतला एक होतो. घरात शाबासकी देणारे कोणी नसते, म्हणून सराव तिथेच जास्त पक्का होतो.

याच टप्प्यात सेवा घेण्याचाही सराव करावा. ‘माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत’ असे म्हणणारा पेत्र नम्र वाटतो, पण त्याला येशू थांबवतो. ज्याला कोणाचीच मदत चालत नाही, आजारपणातही जो डबा परत पाठवतो, त्याने या आठवड्यात एकदा डबा ठेवून घ्यावा आणि धुतलेला डबा परत देताना आत काही घालून पाठवण्याचा मोह आवरावा.

हमखास होणारी चूक: फोटो. ‘इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून’ असे कारण मनात आले, तर मत्तय 6:1-4 वाचून मोबाइल खिशात ठेवावा.

टप्पा 5: दुरुस्ती ऐकून घेणे

इथवर आलेल्या माणसाला आपण बरेच बदललो असे वाटू लागते, म्हणून हा टप्पा पाचवा ठेवला आहे. तुमच्यासोबत काम करणाऱ्या दोन व्यक्तींना, शक्यतो एक वयाने लहान, असा प्रश्न विचारावा: ‘माझ्यासोबत काम करताना तुम्हांला कोणती गोष्ट अवघड जाते?’ ‘माझ्यात काही दोष आहे का?’ असे विचारू नये. त्याला सर्वजण ‘छे, छे’ म्हणतात.

उत्तर ऐकताना दोनच वाक्यांना परवानगी आहे: ‘आणखी सांगा’ आणि ‘धन्यवाद’. घरी येऊन ऐकलेले त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि एक दिवस त्यावर काही करू नये. दुसऱ्या दिवशी त्यात खरे किती आहे ते पाहावे. सगळे खरे नसेलही; पण दहातले एक खरे असेल, तर त्या एकावर काम करावे आणि बाकीच्या नऊंबद्दल कोणाकडे तक्रार करू नये. नाथान संदेष्ट्याने दाविदाला त्याच्या पापाबद्दल गाठले, तेव्हा दावीद राजा होता, नाथानाला हाकलून देणे त्याला सहज शक्य होते. पण त्याचे उत्तर एका ओळीत संपते: ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ (2 शमुवेल 12:13).

‘प्रभू मला दाखवील तेव्हा मी बदलेन’ हे उत्तर आध्यात्मिक वाटते, म्हणून त्यापासून विशेष जपावे. प्रभू बहुधा समोरच्या माणसाच्या तोंडूनच दाखवत असतो.

तपासणी: प्रश्न विचारलेल्या दोघांशी पुढच्या आठवड्यात तुमचे वागणे थंडावले आहे का? थंडावले असेल, तर दुसऱ्या टप्प्यावर परत जावे.

टप्पा 6: स्तुती, मान आणि पद

आता जीभ. कोणी स्तुती केली तर ‘धन्यवाद, ऐकून आनंद झाला’ एवढे म्हणून थांबावे. ‘छे हो, मी काय, सर्व प्रभूच करतो’ असे लांबवले की समोरच्याला पुन्हा एकदा स्तुती करावी लागते. मनातल्या मनात मात्र लूक 17:10 म्हणावे: आम्ही कर्तव्य होते तेवढेच केले.

बसण्याच्या जागेविषयी लूक 14:7-11 मधील सूचना आपण फार हुशारीने वळवून घेतली आहे. शेवटच्या रांगेत बसायचे आणि ‘अहो, पुढे या’ अशी हाक येईपर्यंत अवघडून वाट पाहायची! जिथे बसलो तिथे हाक न येताही कार्यक्रम संपेपर्यंत सुखाने बसता आले, तरच ती जागा घ्यावी. नाहीतर सरळ नेमून दिलेल्या खुर्चीवर जाऊन बसावे, कार्यकर्त्यांना तेवढी एक अडचण कमी. शाल-श्रीफळाचेही तसेच. नकार देऊन तमाशा करू नये, घ्यावे, आभार मानावेत आणि खाली उतरावे.

पदाची कसोटी मुदत संपते तेव्हा लागते. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील दियत्रफेसाला अग्रगण्य होण्याची हौस होती आणि त्याच्या विरोधात लिहिलेली ती दोन वचने दोन हजार वर्षे वाचली जात आहेत. तुमची मुदत संपत आली असेल, तर नव्या माणसाला किल्ल्या, पासबुक, इतिवृत्ताची वही आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी एकाच बैठकीत द्यावी. त्यानंतर तीन महिने न विचारता सल्ला देऊ नये. विचारला तर द्यावा, आणि तो मानला गेला नाही तर पुन्हा आठवण करून देऊ नये. माझ्यापुरते सांगायचे तर मला हे तीन महिने पेल्यांच्या मोरीपेक्षा जड गेले. नव्या सेक्रेटरीने फाइलींचा क्रम बदलला, तेव्हा त्या दिवसाच्या ओळीवर नऊ ठिपके पडले.

सहा आठवड्यांनंतर वहीचे काय करावे

पुनरुत्थानाच्या रविवारनंतर (ईस्टरनंतर) ठिपक्यांच्या ओळी एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. संख्या कमी झालेली असेलच असे नाही. ठिपक्यांच्या पहिल्या दोन आठवड्यांत ती सहसा वाढते, कारण आधी न दिसलेले दिसू लागलेले असते. ती पाचव्या-सहाव्यातही वाढतच असेल, तर निवडलेले घर बहुधा फार मोठे आहे आणि त्यातील एकच खोली घेऊन पुन्हा सुरुवात करावी. क्षमा मागायची राहिलेली नावे वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घ्यावीत. त्यानंतर वही फाडून जाळून टाकावी, कारण तिच्यात इतरांचीही नावे आहेत आणि ती तुमच्या हिशेबाच्या निमित्ताने कोणाच्या हाती पडता कामा नयेत. चिठ्ठी मात्र जपून ठेवावी आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी बाहेर काढावी.